व्हॅलेन्सियातला उपास

“तिचा तर नेमका उपास निघाला की तिकडं!”

काकांचं हे वाक्य मला जिन्यात ऐकू आलं. मी लिंबाच्या फोडी घेऊन गच्चीवर निघाले होते. वर चार-पाच माणसं एकदम हसली. कुणीतरी म्हणालं, “वैनी, एवढं विमानानं जाऊन उपास? देव पावला का मग?” पुन्हा हसणं. मी वर पोचले तेव्हा आई विटांमधला जाळ सारखा करत होती आणि तीही हसत होती. मान खाली घालून, पदरानं घाम पुसत, पाहुण्यांसमोर हसायचं असतं तेवढंच.

मी ताटली कठड्यावर ठेवली. त्या उपासाचं खरं काय ते गच्चीवर चौघांनाच ठाऊक होतं. काका, बाबा, आई आणि मी. त्यातले तिघं हसत होते.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे आणि बाबा तिथंच काम बघतात. त्यामुळे आमच्या घरात काका म्हणतील ते होतं, आणि ते म्हणायच्या आधीही बऱ्याचदा होतं. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा एक व्यापारी त्यांचे टॉवेल घेतो. त्यानं दिवाळीनंतर घरच्यांना घेऊन या म्हणून बोलावलं. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून त्यांच्या जागी आई. आणि मी कशासाठी, तर बोलायला. “इंग्लिश मीडियमची हाय, तिला घेऊ,” असं काका बाबांना म्हणाले होते. मला कुणी विचारलं नव्हतं. स्पेनला जायला नाही कोण म्हणेल, हेही खरं.

मी मुळात कमी बोलते. शाळेत सगळं इंग्रजीत होतं, मैत्रिणींशी भांडणंसुद्धा. घरी मराठी, पण घरी भांडणं व्हायची नाहीत, घरी निर्णय व्हायचे. त्यामुळे मला मराठीत सगळं करता येतं, पत्र लिहिता येतं, हिशेब सांगता येतो, फक्त मोठ्यांशी वाद घालता येत नाही. शब्द तयार होईपर्यंत विषय बदललेला असतो.

स्पेनमध्ये मात्र मी दिवसभर बोलत होते. सगळं दुसऱ्यांचं.

“त्याला विचार, ह्यात मोठ्याचं मटण नाही ना.”

“त्याला म्हणावं, मिरची असंल तर आण की जरा. कसलं मिळमिळीत करायलेत हे लोक.”

“त्याला म्हणावं, ग्लास भर की नीट. ओततोय बघ कसा, सलाईन लावल्यासारखं.”

मी हे सगळं गाळून, धुऊन, प्लीज लावून वेटरला सांगायची. वेटर माझ्याकडे बघून हसायचा, कारण त्याच्या मते मी फार सभ्य माणसांबरोबर आले होते.

आईनं घरून एक पिशवी भरून आणली होती. कडक भाकरी, शेंगाची चटणी, लसणाची वेगळी. ती काकांसाठी होती. काकांना दोन घास तिकडचं खाल्लं की भाकरी लागते. आईला लागत नव्हती. हे मला तिथं गेल्यावर कळलं, आणि इतकी वर्षं ते माहीत नसल्याचं आश्चर्य वाटलं. आई हॉटेलच्या नाश्त्याला पावाच्या तुकड्यावर टोमॅटो चोळून वर तेल सोडलेलं बघायची, उचलायची, वास घ्यायची आणि डोळे बारीक करायची. “तेल कच्चंच हाय गं,” म्हणायची. “पण कडू नाही लागत. गवतासारखा वास येतोय.” मग आणखी एक तुकडा घ्यायची. काका नाश्त्याला येईपर्यंत.

ते आले की ती उठायची. त्यांच्यासमोर ती बसून खात नाही. थोरले दीर. हे आमच्याकडे कुणी ठरवलेलं नाही. पुरुष आधी जेवतात, बायका वाढतात, मग बायका बसतात. आई लग्न होऊन आली तेव्हापासून असंच आहे. सोलापुरात हे माझ्या डोळ्यांना खुपायचं नाही. डायनिंग टेबलाला सहा खुर्च्या आहेत आणि आई उभी आहे, हे चित्र मी लहानपणापासून बघितलंय. तिथं, परक्या हॉटेलात, वेटर उभा असताना त्याच्या शेजारी आईसुद्धा उभी राहून काकांच्या प्लेटमध्ये ऑम्लेट सरकवायला लागली, तेव्हा पहिल्यांदा मला ते दिसलं. वेटरनं तिला खुर्ची ओढून दिली. ती “नो, नो” म्हणाली. तेवढं इंग्रजी तिला पुरत होतं.

संध्याकाळी बारमध्ये जायचो. लहान लहान बशा यायच्या. ऑलिव्ह, तेलात तळून जाड मीठ भुरभुरलेल्या हिरव्या मिरच्या, बटाट्याचा जाड पोळा. काका आणि बाबा वाइन घ्यायचे. सोलापुरात बाबा घेतात ते गाडीत नाहीतर मित्राच्या शेतावर, बडीशेप चघळत घरी येतात आणि आई काही विचारत नाही. इथं उघडं होतं. “इथं पाण्यासारखी पितात,” काका सांगायचे. मग माझ्याकडे वळून, “लेडीजना ज्यूस सांग.” मी दोन ज्यूस सांगायची. म्हणजे मी स्वतःलाच नाही म्हणायची, आणि तेही चांगल्या उच्चारात.

एक सकाळ फक्त आमची होती. काका-बाबा व्यापाऱ्याच्या गोदामावर गेले आणि मी आईला घेऊन मंडईत गेले. मोठं, उंच छताचं, रंगीत काचांचं मार्केट. आपल्या मंडईसारखा आरडाओरडा नाही, पण भाजी लावलेली तशीच, टोमॅटोचे ढीग, लसणाच्या माळा. आतच एका कोपऱ्यात उंच स्टुलांचा ओटा होता. आई स्टुलावर चढली. साडी सावरून, पर्स मांडीवर घेऊन. समोर बशा आल्या. आईनं आधी कुणाला वाढायचं म्हणून इकडंतिकडं पाहिलं. मग माझ्याकडे बघून हसली आणि स्वतः एक मिरची उचलली.

ओट्यापलीकडच्या बाईनं वाइन हवी का विचारलं. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “पांढरी असंल तर वास येत नाही म्हणतात.” एक ग्लास घेतला, दोघींत. आईनं पहिला घोट तोंडात धरून ठेवला. “कच्ची द्राक्षं चावल्यासारखं लागतंय,” म्हणाली. “आणि मागनं दगडासारखं काहीतरी. थंड दगड.” मी पुढे इंटरनेटवर त्या वाइनबद्दल वाचलं, मोठमोठ्या लोकांनी जवळपास हेच लिहिलं होतं. आई बटाट्याच्या पोळ्याचा तुकडा मोडून आत बघत होती, कांदा आधी परतलाय की नाही ते. तिचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. घरी जेवताना तिचं लक्ष दुसरीकडे असतं, कुणाला काय हवंय तिकडे. इथं ती फक्त खात होती.

“घरी बोलू नको हां,” स्टुलावरून उतरताना ती म्हणाली.

मग रविवार आला.

व्यापाऱ्याचं शहराबाहेर संत्र्याच्या बागेत घर होतं. तिथं त्यानं जेवायला बोलावलं. अंगणात वाळलेल्या फांद्यांचा जाळ, त्यावर परातीएवढी पसरट कढई, आणि तो स्वतः ॲप्रन बांधून उभा. आई माझ्या कानाशी म्हणाली, “हा करणार?” मी त्याला विचारलं. तो म्हणाला, आमच्याकडे रविवारचा भात पुरुषच करतात.

“मग बायका काय करतात म्हणावं?” काकांनी विचारायला लावलं.

“वाइन पितात,” व्यापारी म्हणाला, आणि त्याच्या बायकोनं लांबून ग्लास उंच केला. काका खूप हसले. असले विनोद त्यांना आवडतात, दुसऱ्याच्या घरातले.

काका-बाबा सावलीत बसले. आई जाळापासून हलली नाही. त्यानं सशाचे आणि कोंबडीचे तुकडे तेलात लाल केले, मग चपट्या शेंगा, पावट्यासारखे मोठे पांढरे दाणे, किसलेला टोमॅटो, केशर, पाणी. आई प्रत्येक गोष्टीला मान पुढे करायची. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की आलेल्या चौघांत भाताकडे बघणारी एकच आहे, आणि तो तिलाच दाखवायला लागला. त्याला मराठी नाही, तिला स्पॅनिश नाही. तांदूळ पडल्यावर तिचा हात आपोआप चमच्याकडे गेला, तर त्यानं बोट हलवलं. हलवायचा नाही. शेवटी तो कढईशी कान नेऊन ऐकायला लागला. आईनंही ऐकलं. “पाणी संपलं,” ती म्हणाली. मी काही सांगायच्या आत त्यानं मान डोलावली.

काचेचा एक चंबू फिरत होता, लांब चोच असलेला, तांबड्या वाइनचा. त्याला तोंड लावायचं नाही, धार वरून तोंडात धरायची. व्यापारी म्हणाला परदेशी लोकांचे शर्ट खराब होतात. काकांचा नाही झाला. आपण तांब्यातून वरून पाणी पितोच. टाळ्या पडल्या. आमच्या घरात आईइतकं स्वच्छ वरून पिणारं कोणी नाही, एक थेंब सांडत नाही तिचा. चंबू तिच्यासमोरून गेला. काका म्हणाले, “दे इकडं.”

मग ती कढई तशीच उचलून टेबलाच्या मधोमध ठेवली. भोवती लाकडी चमचे. ताटं नाहीत. व्यापाऱ्यानं चमच्याच्या कडेनं भातावर रेषा ओढल्या, भाकरीचे चतकोर करतात तशा, आणि ज्याचा त्याला त्रिकोण दाखवला. आपल्या वाट्यात आपला चमचा, मध्यापर्यंत जायचं, शेजारच्याच्या हद्दीत नाही. आणि तळाला जी खरवड लागली आहे ती सगळ्यात मोलाची, म्हणाला, तिच्यासाठी आमच्याकडे भावाभावांत भांडणं होतात.

आमच्याकडे खरवडीसाठी भांडण नसतं. ती मागून जेवणाऱ्या बायकांची असते, आणि त्यात कुणाला काही मोलाचं वाटत नाही.

व्यापाऱ्याच्या बायकोनं आईचा हात धरून तिला बसवलं आणि तिच्या हातात चमचा दिला. आईचा त्रिकोण काकांच्या शेजारी होता. एका भांड्यात धाकट्या भावाची बायको आणि थोरला दीर. काकांनी खुर्ची मागे ओढली. “प्लेटा माग,” ते मला म्हणाले. मी मागितल्या. व्यापारी हसला. या घरात या भाताला प्लेट नाही, म्हणाला, प्लेट म्हणजे माझा अपमान.

काका हसत राहिले. हसता हसताच, मराठीत, बाबांना म्हणाले, “उष्ट्याचं काय करायलोय आपण? उपास हाय म्हणून सांग तिचा.”

आठवडाभर बाबा इंग्रजीत एक वाक्य बोलले नव्हते. पाणी मागायचं तरी माझ्याकडे बघायचे. तेवढ्या एका वाक्यापुरतं त्यांना इंग्रजी आलं.

“टुडे शी इज फास्टिंग,” बाबा म्हणाले.

आईनं चमचा खाली ठेवला. आवाज न करता. व्यापाऱ्याचा चेहरा पडला. देवाचं आहे का, त्यानं विचारलं. पूर्ण दिवस? मी बाबांकडे पाहिलं. बाबाच “येस, येस” म्हणाले. त्याच्या बायकोनं धावत जाऊन संत्री आणली, पाणी आणलं, पुन्हा पुन्हा सॉरी म्हणाली. आई उठून जरा लांबच्या खुर्चीवर बसली. तिनं संत्रं सोललं, फोडी केल्या, आणि टेबलाभोवती फिरून सगळ्यांना वाटल्या.

मी जेवले. भात फार चांगला होता, धुरकट, दाणा न् दाणा सुटा, तळाशी कुरकुरीत गोडसर. इतका चांगला होता की घास गिळताना राग येत होता. हे करताना जिनं शेवटपर्यंत कान लावून ऐकलं ती दहा हातांवर बसून संत्र्याच्या साली गोळा करत होती. तिचा त्रिकोण तसाच होता. व्यापाऱ्यानं त्याला हात लावला नाही, त्याच्या बायकोनंही नाही. दोघांचे चमचे त्या रेषेशी येऊन थांबायचे. शेवटी काका म्हणाले, “वाया कशाला घालवायचं,” आणि त्यांचा चमचा आईच्या वाट्यात गेला. उष्ट्याचा प्रश्न आता उरला नव्हता. त्यांनी तळ खरवडला. चांगला खर्र आवाज आला.

निघताना त्या बाईनं आईला मिठी मारली आणि मला म्हणाली, आईला सांग, पुढच्या वेळी उपास नसेल त्या दिवशी या. मी सांगितलं. आई म्हणाली, “हो म्हणावं.”

हॉटेलवर आल्यावर तिनं पिशवीतली भाकरी चटणीला लावून खाल्ली. मी म्हणाले, तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, “परक्या माणसांसमोर तमाशा कशाला? चांगली माणसं होती.” बाबा पलीकडे टीव्ही बघत होते. स्पॅनिश बातम्या. काकांचा राग येणं सोपं आहे, ते समोर असतात, मोठ्यानं बोलतात. बाबांचा राग कुठे ठेवायचा हे मला अजून कळलेलं नाही. ते वाईट वागत नाहीत. फक्त सांगितलेलं करतात.

व्यापाऱ्यानं काकांना एक तसलीच कढई भेट दिली होती. म्हणून आजची ही गच्ची. काकांनी कारखानदार मित्रांना बोलावलं होतं, “स्पॅनिश बेत हाय, मी स्वतः करणार.” त्यांनी ॲप्रन बांधला, लांब चमचा धरून फोटो काढून घेतले. चूल आईनं मांडली. मटण आईनं परतलं, पावटे आईनं आदल्या दिवशी भिजत घातले होते, टोमॅटो किसले, आणि तांदूळ टाकल्यावर काका चमचा घालायला लागले तेव्हा “नको, हलवायचा नसतोय” असं हळूच तीच म्हणाली. शेवटी कढईशी कान तिनंच नेला. सकाळच्या चहानंतर तिनं काही खाल्लं नव्हतं. पाहुणे जेवल्याशिवाय ती खात नाही. काकू गुडघ्यामुळे खुर्चीवर होत्या. आईचा चेहरा बघून म्हणाल्या, “असू दे गं, आपण मागनं बसू निवांत.” मागनं म्हणजे कढई धुवायच्या आधी.

“सगळ्यांनी एकाच भांड्यात हां!” काकांनी जाहीर केलं. “तिकडची पद्धतच तशी. प्लेट मागितली तर अपमान वाटतोय त्यांना.” सगळे खुर्च्या ओढून बसले. काकांनी चमच्यानं रेषा ओढल्या. एक ह्याचा, एक त्याचा, एक बाबांचा, एक स्वतःचा जरा रुंद. सगळी कढई वाटून संपली. मी मोजत नव्हते, पण रेषा डोळ्यांसमोर होत्या, आणि त्यांत मागे काही उरत नव्हतं.

“आणि खालची खरवड,” काका मित्रांना सांगत होते, “ती खरी चीज. उलथनं आण गं.”

मी उलथनं आणलं. आई कढईच्या पलीकडे उभी होती, हातात पाण्याचा जग. एक पाहुणे, मघाचेच, तिला म्हणाले, “काय वैनी, आज तरी उपास नाही ना?” आणि उत्तराची वाट न बघता हसले. काकाही हसले. आईनं तोंड उघडलं. ती काय म्हणणार ते मला पाठ होतं.

मी उलथनं काकांच्या हातात दिलं नाही. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला.

“काका, आईचा तेव्हाही उपास नव्हता. तिला भूक लागली होती. आत्ताही लागलीये. तुम्ही जरा सरका, तिला बसू दे.”